साहेबाची तपासणी

साहेब माझ्या हातून पडला, हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. हीच गोष्ट माझ्या भावाला सांगायला मला आठ महिने लागले. निदान तुम्हाला तरी ताटकळत ठेवायला नको.

साहेब म्हणजे माणूस नव्हे. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, व्होल्ट मोजायचा मीटर. काळी पेटी, वीतभर रुंद काच आणि केसासारखा बारीक काटा. खाली एक बटण; ते फिरवलं की तीन, दहा, तीस किंवा शंभर व्होल्टपर्यंत मोजता येतं. काट्यामागे आरशाची अरुंद पट्टी आहे. एक डोळा मिटायचा, काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा तोंडातून काढायचा, असा दादाचा दंडक. तो ज्या रेडिओच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात होता तो बंद पडला, तेव्हा बाकीच्यांनी टेबलं, पंखे, कपाटं घरी नेली. दादाने हा मीटर मागून आणला. वहिनीला त्यातलं एक कपाट फार आवडलं होतं. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली, पण कपाट अजून तिच्या तोंडातून गेलेलं नाही.

तेव्हापासून घराची रस्त्याकडची खोली दादाची. बाहेर पाटी आहे: "जुनी मोजमाप यंत्रे दुरुस्त करून मिळतील. घाई असलेल्यांनी येऊ नये." रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे गल्लोगल्ली असतात. ते ज्या यंत्रांनी बिघाड शोधतात ती यंत्रंच आजारी पडली की दादाकडे येतात. तीही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, ज्यांचे कारखाने उरले नाहीत आणि ज्यांचे नकाशे उंदरांनी खाल्ले. तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर ऑसिलोस्कोप मांडलेले. ऑसिलोस्कोप म्हणजे गोल हिरव्या पडद्याचा जाडजूड डबा. विजेची थरथर त्यावर रेघ होऊन पळताना दिसते. प्रत्येकाच्या गळ्यात आणणाऱ्याच्याच शब्दांत तक्रार लटकवलेली असते. "चालू होत नाही." "चालू होतो, बंद होत नाही." "मधूनच रुसतो."

दादाचा पहिला प्रश्न ठरलेला. "वास कसला येतो?" लोक गोंधळतात. मग तो स्वतःच डब्याच्या जाळीला नाक लावतो. जळक्या रबराचा वास असेल तर वायर गेली. मासळीचा असेल तर कपॅसिटर पाझरतोय. वास नसेल तर तो नाराज होतो, कारण मग शोधायला वेळ लागणार.

यंत्र तो थेट विजेला कधीच जोडत नाही. मध्ये एक साधा पिवळा बल्ब घालतो. बल्ब भगभगत राहिला तर आत वीज भलत्याच वाटेने पळते आहे. लखकन पेटून मग मंद झाला तर दादा खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, "श्वास चालू आहे." पुढे वहिनीच्या स्वेटर विणायच्या सुईचं काम सुरू होतं. सुई प्लास्टिकची, लोखंडाची घातली तर सुई, दादा आणि आमच्या घराचा फ्यूज तिघेही एकदमच जातील. त्या सुईने तो आतला एकेक भाग हलकेच ढोसत जातो आणि पडद्यावरची रेघ कुठे दचकते ते बघतो. जिथे दचकली तिथे सुटलेला डाग, म्हणजे सोल्डरचा जोड. माझ्यासाठी विणायला घेतलेला निळा स्वेटर सुईअभावी तीन वर्षं एका बाहीवर अडला आहे.

एका गोष्टीची मात्र दादाला भयंकर चीड. आधीच्या कारागिराने कुठे काडेपेटीचा कागद खुपसून, कुठे भलताच भाग बसवून वेळ मारून नेलेली दिसली की त्याचं टाळकं सटकतं. "तात्पुरतं!" तो ओरडतो. हा शब्द तो शिवीसारखा वापरतो. एकदा आमच्या नळाला मी चिंधी बांधली होती, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

यंत्र सुधारलं की शेवटी साहेबासमोर हजर करायचं. साहेब दहा म्हणाला की यंत्राने दहाच दाखवलं पाहिजे. मग दादा पाठीमागे पांढरी चिठ्ठी डकवतो: "तपासले. बरोबर आहे." खाली तारीख आणि सही. त्या चिठ्ठीला गावात मान आहे. जवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या बाई आहेत, त्या परीक्षेला चिठ्ठी असलेलीच यंत्रं टेबलावर मांडतात.

आता माझं सांगते. मी दादाची धाकटी बहीण. वय त्रेसष्ट, तरी हा मला "छोटे" म्हणतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. वरच्या मजल्यावर एकटी राहते, म्हणजे फक्त झोपायला. जेवणं आणि भांडणं खाली. साफसफाईच्या बाबतीत मी जरा अतीच आहे, हे मला मान्य आहे.

ज्या दिवशी दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी वहिनी त्याच्याबरोबर दवाखान्यात होती आणि मी घरी. मनात आलं, नवा डोळा घेऊन येईल तेव्हा खोली कशी लख्ख दिसली पाहिजे. साहेबाला हात लावायला घरात सगळ्यांना बंदी. पण साहेबाखालची धूळ मला बघवेना. मी त्याला दोन्ही हातांनी उचलला, फडक्यात माझं बोट अडकलं, आणि साहेब टेबलावरून खाली. धप्पकन पायपुसण्यावर. उचलून पाहिलं. काच शाबूत, काटा दोनदा डोलून मुकाट शून्यावर उभा. मी त्याला पुसला, होता तसा तिरका करून ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आणि स्वतःचं एक वाक्य जोडायची वेळ आली तर माझी लाइन डेड.

पुढचे काही महिने निर्धास्त गेले. मग एके दिवशी बाई आल्या. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या.

"काका, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"आधी विचारा. रागवायचं की नाही ते मी ठरवतो."

"तुम्ही तपासून दिलेला तो वीजपुरवठ्याचा डबा आहे ना, त्याच्यावर दहा लावले की आमचा नवीन मीटर दहा पूर्णांक चार दाखवतो."

"नवीन म्हणजे तो आकडे उजळणारा?" दादा हसला. "बाई, ते खेळणं आहे. त्याच्यावर विसंबू नका."

"त्याला प्रमाणपत्र आहे, काका."

"माझ्याकडे साहेब आहे."

बाई हसून गेल्या, पण मला ते पायपुसणं आठवलं. त्याच आठवड्यात जुने रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करणारा गृहस्थ आला. त्याचीही तीच तक्रार आणि तोच आकडा, दहा पूर्णांक चार. या वेळी दादा हसला नाही. त्याने घरातले सगळे मीटर टेबलावर काढले, साहेब सोडून सात. एका बॅटरीला आळीपाळीने सगळे लावले. सातही जण साहेबाशी जुळले, काडीचा फरक नाही. मग तो स्वतः बसने कॉलेजात जाऊन आला. बाईंकडे प्रमाणपत्रवाले तीन मीटर होते. तिघांनीही दहा पूर्णांक चारच दाखवले.

परत आला. चहा निवला तरी कप हातातच.

"अहो, झालं तरी काय?" वहिनीने विचारलं.

"साहेब चुकत नाही. सात जण साक्षीला आहेत. मग चुकतंय कोण?" दादाने चष्मा काढून डोळा चोळला. "हा डोळा. काटा कुठेही असो, मला दहावरच दिसतो. इतक्या वर्षांच्या सवयीने मी बघायचं सोडून दिलंय." मग त्याने बॅटरी साहेबाला लावली आणि मला हाक मारली. "छोटे, इकडे ये. तू वाच बघू."

मी दारातच थांबले. साहेबाजवळ गेले तर माझ्या तोंडावरच सगळं दिसेल असं वाटलं. "मला नाही बाई त्यातलं काही कळत," मी म्हणाले आणि वर निघून गेले. त्याने वहिनीला विचारलेलं मला जिन्यातून ऐकू आलं. वहिनीचा चष्मा नेहमीप्रमाणे हरवलेला. "दहाच्या जवळपास दिसतंय," ती म्हणाली, "पण तुम्ही म्हणाल ते."

त्यानंतर दादाने नवीन काम घेणं बंद केलं. आलेल्याला दारातूनच सांगायचा, "दुसरीकडे दाखवा." दुसरीकडे कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही. सकाळी आंघोळ करून खोलीत जायचा, ऑसिलोस्कोप चालू करायचा आणि त्या हिरव्या रेघेकडे नुसता बघत बसायचा. विणायची सुई त्याने वहिनीला परत केली. हे मात्र आम्हा दोघींना फार लागलं. माझ्या बाहीचं विणकाम पुढे सरकलं, आणि ते बघून मला रडू यायचं.

मला झोप लागेना. साहेब मी पाडला, साहेब बिघडला, आणि हा बिचारा आपल्या डोळ्याला दोष देत बसला. एक वाक्य बोलले असते तर मिटलं असतं. पण साहेबाला हात लावल्यावर हा काय थयथयाट करतो ते मी चौदा वर्षं पाहिलेलं. रोज ठरवायची, रोज उद्यावर ढकलायची. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

एका दुपारी खालून करकर आवाज आला. जाऊन बघते तर दादा स्टुलावर चढून पाटीचे स्क्रू काढत होता. दोन निघाले होते, दोन उरले होते.

"स्टूल धर," तो म्हणाला. "हलतंय."

मी धरलं. तिसरा स्क्रू निघाला. पाटी एका कोपऱ्यावर लोंबायला लागली. "घाई असलेल्यांनी येऊ नये" हे आता उभं झालं होतं.

"दादा, साहेब मी पाडला."

स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"कधी?"

"तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी."

"कुठून?"

"टेबलावरून."

"कशावर?"

"पायपुसण्यावर."

"कुठल्या अंगावर पडला? उताणा, पालथा, की कुशीवर?"

मी गुन्हा कबूल करत होते आणि हा गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारत होता. "कुशीवर," मी म्हणाले. "वास कसलाही आला नाही."

यावर तो हसला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावरून उतरला, खोलीत गेला आणि साहेबाला उचलून चादरीत गुंडाळायला लागला. "रागवायचं मग बघू," तो म्हणाला. "आधी चप्पल घाल."

बसमध्ये साहेब माझ्या मांडीवर होता. पाडलास तसा परत पाडू नकोस, एवढंच एक वाक्य दादा वाटेत बोलला. बाईंनी प्रयोगशाळा उघडून दिली. एका बाजूला प्रमाणपत्रवाला मीटर, शेजारी साहेब, दोघेही त्याच वीजपुरवठ्याच्या डब्याला जोडलेले. दादाने आधी तीनची रेंज लावली. दोघांचं जुळलं. मग तीसची. जुळलं. शंभरची. जुळलं. दादाच्या कपाळावर आठ्या जमायला लागल्या. शेवटी त्याने बटण दहावर आणलं. बाईंच्या मीटरवर दहा पूर्णांक चार उजळले. साहेब निवांत दहावर उभा.

"काका, पडल्यामुळेच ना?" बाईंनी विचारलं.

"पडल्याने बिघडला असता तर सगळीकडे चुकला असता," दादा म्हणाला. "हा बाकी ठिकाणी शहाण्यासारखा वागतोय. फक्त दहाच्या रेंजला थापा मारतोय." मग तो एकदम माझ्याकडे वळला. "म्हणजे माझा डोळा बरा आहे, छोटे! काटा दहावरच होता. मला दहाच दिसत होते!" भर प्रयोगशाळेत त्याने मला गदागदा हलवलं. चौदा वर्षांत साहेब खोटा ठरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही.

घरी येऊन त्याने साहेबाची पाठ उघडली. वहिनीने हरवलेला चष्मा शोधून काढला, कारण हे तिलाही बघायचं होतं. आत सगळं ओळीत, वीज अडवणारे गुळगुळीत तपकिरी रेझिस्टर एका मापाचे, एका रेंजला एक. आणि त्यांच्यात एकच उपरा, दहाच्या रेंजचा, भलत्याच रंगाचा, स्वस्तातला. त्याच्या पायाला कागदाची चिठोरी दोऱ्याने बांधलेली होती. दादाने ती सोडवली, वाचली आणि खिशात घालायला लागला.

"दाखव," मी म्हणाले.

"काही विशेष नाही."

वहिनीने त्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली. "तात्पुरता. योग्य मिळाला की बदलणे." खाली तारीख, सहा वर्षांपूर्वीची, आणि खाली ती गावात मान असलेली सही.

आधी वहिनीला हसू फुटलं, मग मला. नळाच्या चिंधीवरून दोन दिवस ऐकून घेतलं होतं मी! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. दादा मान खाली घालून बसला होता, पण खांदे त्याचेही हलत होते.

"हे असले स्वस्तातले रेझिस्टर म्हातारपणी बदलतात," तो म्हणाला. "दर वर्षी जरासा, जरासा. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"पण ते सात साक्षीदार?" मी विचारलं.

"त्या सातांनाही मीच दर वर्षी साहेबावरून लावतो. याने चूक शिकवली, त्यांनी ती पाठ केली. आणि मी त्यांनाच विचारत बसलो, साहेब खरा का म्हणून." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "सगळ्यांना साहेबासमोर उभं केलं. साहेबालाही कुणासमोर तरी उभं करायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे मी पाडला त्याने काहीच झालं नाही?"

"ओरखडासुद्धा नाही."

"आणि मी आठ महिने उगाच जीव खाल्ला स्वतःचा?"

दादाने हातातली सुई खाली ठेवली. हो, सुई परत त्याच्याकडे आली होती. "उगाच कसा? पाडलास हे तू बोलली नसतीस तर मी याची पाठ उघडली असती का? डोळ्यावर खापर फोडून, पाटी काढून मोकळा झालो असतो." मग आवाज चढवून म्हणाला, "पण सांगायला आठ महिने? मी काय वाघ आहे?"

"आहेस," मी आणि वहिनी एकदमच म्हणालो.

योग्य रेझिस्टर कुठे मिळणार याची चर्चा सुरू झाली तेव्हा वहिनी उठून आत गेली आणि सुयांचा डबा घेऊन आली. तळाशी एक पाकीट होतं, न फोडलेलं. "पाच वर्षं झाली याला," ती म्हणाली. "तुम्हीच माझ्याकडे दिलं होतं, नीट ठेव म्हणून. मी नीट ठेवलं." पाकिटात गुळगुळीत, तपकिरी, त्याच मापाचा रेझिस्टर. दादाने ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि त्या दिवसापुरता तिने कपाटाचा विषय काढला तरी चालेल असं जाहीर केलं.

पुढचे दोन महिने आम्ही दोघं बहीण-भाऊ बसने गावभर फिरलो. दादा प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवतो. दहाच्या रेंजवर लावलेली तेवीस यंत्रं निघाली. प्रत्येक दारात तो स्वतः पुढे होऊन सांगायचा, "चूक माझी आहे, यंत्र परत द्या, नीट करून देतो." मला वाटलं होतं लोक तोंडसुख घेतील. रेकॉर्ड प्लेयरवाला म्हणाला, "काका, मला वाटत होतं हल्ली गाणी खणखणीत वाजतात ती माझ्या हाताच्या गुणाने." जुन्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने काढायचं काम माझ्याकडे होतं. शिक्षा म्हणून, असं दादा सांगतो. मी ते फार आनंदाने केलं. आणि पाटीचे तिन्ही स्क्रू परत लावले, तेही मीच.

या फेऱ्यांच्या आधी, साहेबाला नवा रेझिस्टर बसला त्या दिवशी बाई आपला मीटर घेऊन घरी आल्या होत्या. आता दरवर्षी त्याच तारखेला साहेबाने त्यांच्यासमोर उभं राहायचं असं ठरलं आहे. बाईंनी वीजपुरवठ्याच्या डब्यावर, आपल्या मीटरने मोजून, बरोबर दहा व्होल्ट लावले आणि साहेबाला जोडले. दादाने कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. वरची चिठ्ठी लिहून झालेली होती. जुन्या मजकुरात एक शब्द वाढला होता. "तपासले. आज बरोबर आहे."

"छोटे," तो म्हणाला, "ये. तू वाच."

या वेळी मी गेले. एक डोळा मिटला, मान जराशी इकडे, जराशी तिकडे केली. काटा आणि आरशातला काटा एकावर एक आले.

"दहा," मी म्हणाले. दादाने आपली सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि सहीसाठी शेजारची जागा बोटाने दाखवली.